दादर टी.टी.ची गोष्ट

मुंबईत दादर स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून थोडे चालत गेले की एक मोठा चौक लागतो. त्याचे नाव खोदादाद सर्कल. पण बसमध्ये किंवा टॅक्सीत बसल्यावर हे नाव घेणारे थोडेच. बहुतेक लोक म्हणतात 'दादर टी.टी.'. शिरपूर जैनहून किंवा वाशिमहून कामासाठी मुंबईला गेलेल्या माणसाच्या कानांवरही हेच नाव पडते. टी.टी. म्हणजे काय, असे तिथल्या एखाद्या तरुणाला विचारून पाहा. बहुधा उत्तर मिळणार नाही.

टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, म्हणजेच ट्रामचे शेवटचे ठिकाण. बोरीबंदरहून निघालेली मुंबईची अखेरची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री दादरला आली आणि ९० वर्षांची सेवा संपली. त्यालाही आता साठ वर्षे उलटून गेली. रूळ डांबराखाली गेले, तारा उतरल्या, नाव मात्र राहिले.

ट्राममधून शहर पाहण्यात एक वेगळी मौज होती, असे त्या काळचे लोक सांगतात. ही मौज कशात होती? आणि ती इतकी आवडती होती, तर शहराने ती काढून का टाकली? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला थोडे भौतिकशास्त्र आणि थोडा इतिहास, दोन्ही लागतील. सुरुवात मुंबईपासून न करता आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीपासून करू.

काळी माती आणि लोखंडी रूळ

पावसाळ्यात शिरपूरच्या शिवारात भरलेली बैलगाडी हाकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. चाक मातीत रुतते. रुतलेल्या चाकाला दर क्षणी स्वतःच केलेल्या खड्ड्यातून वर चढावे लागते. शिवाय चिकट माती चाकाला धरून ठेवते. बैलांची बरीचशी ताकद माती दाबण्यात आणि उकरण्यात खर्च होते, माल पुढे नेण्यात कमीच. उन्हाळ्यात हीच वाट कडक झाली की तेच बैल तेवढाच माल सहज नेतात. बैल तेच, गाडी तीच. फरक पडला तो चाकाखालच्या पृष्ठभागामुळे.

हा फरक आकड्यांत मांडू. ढोबळ मानाने, मऊ मातीच्या रस्त्यावर एक टन वजनाची गाडी चालती ठेवायला १०० किलोग्रॅम भाराएवढा किंवा त्याहूनही जास्त ओढ लागतो. चांगल्या फरसबंद रस्त्यावर तो २० ते ३० किलोग्रॅमपर्यंत उतरतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर ठेवले, तर रस्त्यातली धूळ आणि कचरा धरूनही १० ते १५ किलोग्रॅम पुरतात. कारण रूळही कठीण आणि चाकही कठीण. दोघेही फारसे दबत नाहीत, त्यामुळे चढायला खड्डाच तयार होत नाही.

घोडा दिवसाचे काही तास, आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांश एवढा ओढ सतत लावू शकतो. म्हणजे ४५० किलोचा घोडा ४५ किलोग्रॅम आणि दोन घोडे ९० किलोग्रॅम. मातीच्या रस्त्यावर ही जोडी जेमतेम एक टन ओढील. रुळांवर तीच जोडी सहा टन किंवा त्याहून अधिक ओढील. गाडीचे स्वतःचे दोन टन वजा केले, तरी तीस-चाळीस माणसे आरामात बसू शकतात. ट्रामचे सगळे अर्थशास्त्र या एका हिशेबात आहे. जनावर तेच, पण माणसे कितीतरी जास्त. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याचे भाडे कमी.

न्यूयॉर्कमध्ये १८३२ साली घोड्यांची पहिली ट्राम धावली ती याच तत्त्वावर. परंतु तिचे रूळ रस्त्याच्या वर आलेले असत आणि बाकीच्या गाड्यांची चाके त्यांत अडखळत. १८५२ मध्ये आल्फोन्स लुबा या फ्रेंच गृहस्थाने न्यूयॉर्कमध्येच खाच असलेला रूळ बसवला. रुळाचा माथा रस्त्याच्या पातळीत आला आणि चाकाची कड खाचेतून धावू लागली. त्यामुळे ट्राम आणि बाकीची रहदारी एकाच रस्त्यावर नांदू शकली. पुढे भांडणाचे मूळही हेच ठरले. त्याकडे आपण नंतर येऊ.

कापूस पडला आणि ट्राम लांबली

मुंबईत ट्राम आणण्याची कल्पना १८६५ साली एका अमेरिकन कंपनीने मांडली. तिला परवानाही मिळाला. पण ट्राम मात्र आली नाही. याचे कारण वऱ्हाडच्या शेतकऱ्याला चटकन कळेल.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. त्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे मोर्चा वळवला आणि भाव आकाशाला भिडले. वऱ्हाडचा कापूस एरवी लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून देशभर जात असे. त्याला आता सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला, नवनव्या कंपन्या आणि बँका निघाल्या, समभागांचा सट्टा वाढला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि या कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या. ट्रामची योजनाही त्या मंदीत बुडाली.

पुढल्या काही वर्षांत घडी पुन्हा बसली. मुंबईहून वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारालाही त्याचा फाटा मिळाला. मुंबईची वस्ती आणि व्यापार वाढतच होते. १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, १८७४ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला आणि ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. तिचे मार्ग दोन होते: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. त्या काळी मुंबईचा कापूस बाजार कुलाब्यालाच भरत असे. कापसाच्या मंदीने अडलेली ट्राम अखेर निघाली ती कापसाच्याच बाजाराजवळून.

सुरुवातीला भाडे तीन आणे होते आणि तिकीट देण्याची पद्धत नव्हती. नंतर भाडे दोन आण्यांवर आले. फुकटे प्रवासी वाढले तेव्हा तिकिटेही आली.

नऊशे घोड्यांचा तबेला

ही ट्राम चालवणाऱ्या स्टर्न्स आणि किट्रेज या कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते, असे सांगितले जाते. इतके कशाला? घोडा रोज चार-पाच तासच जोराचे काम करू शकतो. ट्राम मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत धावते. म्हणून एका गाडीमागे आठ-दहा घोडे लागत. आता हिशेब करा. एक घोडा दिवसाला दहा किलोहून अधिक लीद टाकतो. नऊशे घोड्यांची रोजची लीद नऊ टनांच्या वर जाते. तेवढाच दाणा-वैरणीचा खर्च, पाणी, नालबंद, मोतद्दार आणि दुखणीबाणी. मोटारगाड्यांचा धूर येण्याआधीही शहरांना प्रदूषण होतेच, ते वेगळ्या वासाचे होते एवढेच.

चढाचीही अडचण होती. पन्नास मीटरला एक मीटर असा साधा चढ आला, तरी प्रत्येक टनामागे २० किलोग्रॅमचा ओढ वाढतो. म्हणजे रुळांमुळे जे वाचले त्याहून अधिक चढाने खाल्ले. कुलाबा ते पायधुणी हा भाग बहुतांश सपाट आहे, हे घोड्यांचे नशीब.

शिवाय सगळे घोडे एकदम आजारी पडले तर? अमेरिकेत १८७२ साली असेच झाले. घोड्यांच्या तापाची साथ पसरली आणि मोठमोठ्या शहरांतल्या ट्राम ठप्प झाल्या. काही ठिकाणी माणसांनी गाड्या ओढल्या. घोड्याला पर्याय हवा, ही निकड तेव्हापासून अधिक जाणवू लागली.

आपल्याकडे नाशिकलाही घोड्यांची ट्राम होती. ती १८८९ मध्ये सुरू झाली आणि नाशिकरोड स्टेशनापासून गावापर्यंत जात असे. तिच्या रुळांमधले अंतर अडीच फूट होते. वाशिम जिल्ह्यात कारंज्यावरून जाणाऱ्या 'शकुंतला' रेल्वेचे रूळही तेवढ्याच अंतराचे. तीही कापसासाठी घातली गेली, सावकाश चालत आली आणि आता थांबली आहे.

वीज आली

बर्लिनजवळ लिख्टरफेल्ड येथे वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८८१ मध्ये विजेची ट्राम चालवली. अमेरिकेत फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ मध्ये रिचमंड शहरात चढउताराच्या रस्त्यांवर ती यशस्वी करून दाखवली. आपल्या देशात विजेची ट्राम प्रथम धावली ती १८९५ मध्ये मद्रासला. कलकत्त्यात १९०२ मध्ये आणि मुंबईत ७ मे १९०७ रोजी. मुंबईतली पहिली विजेची ट्राम महापालिका कार्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली.

त्यासाठी १९०५ मध्ये एक नवी कंपनी निघाली होती: बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी. आद्याक्षरे जुळवली की 'बेस्ट' हा शब्द मिळतो. वीज आणि ट्राम एकाच कंपनीकडे असणे सोयीचे होते. घरांतले आणि रस्त्यांवरचे दिवे रात्री वीज मागतात, ट्राम दिवसाही मागते. त्यामुळे जनित्रे रिकामी राहत नाहीत. १९४७ मध्ये हा कारभार महापालिकेकडे आला, तेव्हा 'ट्रामवेज'च्या जागी 'ट्रान्सपोर्ट' हा शब्द बसला. आद्याक्षर तेच राहिले आणि बेस्टचे नाव बदलल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही.

ट्रामची विद्युत रचना वर्गात शिकवण्याजोगी आहे. रस्त्यावरच्या एकाच तारेतून ५०० ते ६०० व्होल्टचा दिष्ट विद्युतप्रवाह येतो. गाडीच्या टपावरचा दांडा तारेला टेकलेला असतो. प्रवाह त्यातून मोटरींत, मोटरींतून चाकांत आणि चाकांतून रुळांत जातो. परतीची तार म्हणजे रूळच. ते जमिनीला जोडलेले असल्याने त्यांवर पाय पडला तरी धक्का बसत नाही. मात्र रुळांचे सांधे नीट जोडले नाहीत, तर थोडा प्रवाह जमिनीत शिरून पाण्याच्या लोखंडी नळांतून वाट काढतो आणि विद्युत अपघटनाने नळ झिजतात. जगातल्या अनेक शहरांच्या पाणीखात्यांनी ट्राम कंपन्यांशी यावरून वाद घातले आहेत.

चालकाच्या हातातल्या दांड्याचे काम तर फारच चतुर. गाडीला दोन मोटरी असतात. निघताना त्या एकसर जोडलेल्या असतात. प्रत्येकीला निम्माच दाब मिळतो आणि गाडी धक्का न देता सुटते. वेग आला की चालक दांडा फिरवून त्यांना समांतर जोडतो. आता प्रत्येकीला पूर्ण दाब मिळतो. दोन बल्ब आधी एकसर आणि मग समांतर जोडून दाखवा. मंद आणि प्रखर प्रकाशातला फरक पाहिला की ट्रामचा चालक काय करीत होता, ते मुलांना कळेल.

मौज कशात होती?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. विजेची ट्राम हलके सुटे. इंजिनाची घरघर नाही, धूर नाही. चाकांचा खडखडाट असे, पण तो तालात असे. पुढे कोणी आडवे आले की चालक पायाने घंटा वाजवी. उघड्या खिडकीतून वारा येई. वेग इतका बेताचा की दुकानांच्या पाट्या वाचता याव्यात, ओळखीचा माणूस दिसला तर हाक मारता यावी. तरुण मंडळी चालत्या गाडीत चढत आणि उतरत. १९२० पासून दुमजली ट्राम आली आणि वरच्या मजल्यावरून भायखळा, लालबाग, परळचा गजबजाट पाहणे ही मुलांची चैन झाली.

गिरणीतला कामगार, कारकून, शाळेतली मुले आणि गावाकडून आलेले पाहुणे एकाच बाकावर बसत. रूळ कुठे जातात ते जमिनीवर लिहिलेलेच असल्यामुळे नवख्या माणसालाही चुकण्याची भीती कमी वाटे. ट्रामची मौज म्हणजे हळू जाणे, स्वस्त जाणे आणि सगळ्यांबरोबर जाणे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा उगम आपण आधी पाहिला आहे. चाकाला विरोध कमी, म्हणून थोड्या शक्तीत पुष्कळ माणसे जातात.

मग ती गेली का?

ज्या रुळाने ट्रामला सगळे दिले, त्यानेच तिला अडकवले. रुळावरच्या गाडीला बाजूला होता येत नाही. पुढची ट्राम बिघडली की मागच्या सगळ्या थांबणार. रस्त्याच्या मध्यावर ट्राम उभी राहिली की प्रवाशांना मोटारींमधून वाट काढत पदपथ गाठावा लागे. घोडागाड्यांच्या काळात याचे कोणाला काही वाटले नाही. मोटारी वाढल्या तसे ट्राम वाटेत येते, असे लोक म्हणू लागले. बसला असली अडचण नव्हती. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली होती. बसला रूळ लागत नाहीत, तारा लागत नाहीत आणि मार्ग हवा तेव्हा बदलता येतो. उलट ट्रामचे रूळ आणि गाड्या जुन्या झालेल्या, दुरुस्तीचा खर्च वाढलेला. एकेक मार्ग बंद होत गेला. मधल्या काळात, १९६२ ते १९७१, मुंबईने विजेच्या तारांवर चालणारी पण रबरी चाकांची ट्रॉलीबसही चालवून पाहिली. शेवटी तीही गेली.

हे निर्णय मूर्खपणाचे होते, असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. अडचणी खऱ्या होत्या. मात्र त्या वेळी एक प्रश्न फारसा विचारला गेला नाही. रस्ता अडतो तेव्हा अडवणारा कोण? चाळीस माणसांची एक ट्राम की एकेका माणसाच्या वीस-तीस मोटारी? रस्त्यावर माणसांना जागा द्यायची की वाहनांना, हा निवड करण्याचा प्रश्न आहे. यंत्रशास्त्र त्याचे उत्तर आपोआप देत नाही.

काही शहरांनी वेगळी निवड केली. मेलबर्नने ट्राम काढलीच नाही. मँचेस्टरने १९४९ मध्ये काढलेली ट्राम १९९२ मध्ये पुन्हा आणली. सिडनीने १९६१ मध्ये बंद केलेली १९९७ मध्ये सुरू केली. पॅरिसमधून १९३० च्या दशकात गेलेली ट्राम १९९२ मध्ये तिथल्या उपनगरात परतली. या नव्या ट्रामना बऱ्याच ठिकाणी रस्त्यात स्वतंत्र पट्टा दिला गेला आणि 'वाटेत येते' ही तक्रार पुष्कळ कमी झाली. कलकत्त्याच्या ट्रामला २०२३ मध्ये १५० वर्षे झाली. पण २०२४ मध्ये तिथल्या राज्य सरकारने मैदान भागातला एक मार्ग ठेवून बाकीचे बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. तिथे हा वाद न्यायालयातही गेला आहे.

मुंबईत २०१४ पासून मेट्रो धावते. तिच्या भुयारी मार्गावर काळबादेवी हे स्थानक आहे. १८७४ ची घोड्यांची ट्राम गेली तोच हा भाग. तत्त्वही तेच: लोखंडी चाक, लोखंडी रूळ आणि वीज. ती ट्रामपेक्षा किती तरी अधिक माणसे अधिक वेगाने नेते, पण ती जमिनीखालून जाते आणि तिथे पोहोचायला प्रचंड खर्च आला. वरचा रस्ता आपण मोटारींकडे ठेवला आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

खेळण्यातली एक चारचाकी गाडी घ्या. तिच्यावर एक वीट बांधा. ताणकाट्याने ती वाळूवर, शाळेच्या पटांगणातल्या मातीवर आणि वर्गातल्या फरशीवर सावकाश ओढा आणि प्रत्येक वेळी वाचन लिहून ठेवा. मग तीच फरशी किंवा फळी थोडी तिरपी करून ओढा. ट्रामला घोडे किती लागत आणि चढावर ते का थकत, हे मुलांना आकड्यांतून दिसेल.

नंतर वरच्या वर्गांतल्या मुलांना एक काम द्या. शिरपूरच्या बाजाराच्या दिवशी मुख्य रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभे राहून जाणारी वाहने आणि त्यांतली माणसे मोजायला सांगा: एस.टी., काळीपिवळी, दुचाकी, मोटारी, बैलगाड्या आणि पायी जाणारे. प्रत्येक वाहनाने अडवलेली जागा पावलांनी अंदाजे मोजून दर माणशी किती जागा लागली, ते काढू द्या. उत्तरावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. मुंबईच्या रस्त्यांवर १९६४ पूर्वी हा हिशेब पुरेसा मांडला गेला असता, तर दादरच्या त्या चौकात टी.टी. या दोन अक्षरांखेरीज कदाचित आणखीही काही उरले असते.